गच्चीवर कोण चढणार?

३१ मार्च २०२२ रोजी महाराष्ट्रात कुणी मोर्चा काढला नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक प्रसार भारतीने तोवर टप्प्याटप्प्याने बंद करत आणले होते. त्या मुदतीनंतर देशभरात मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक तेवढे उरले. गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना उभी करायची, तिची चपटी वायर खिडकीच्या फटीतून आत घ्यायची, टीव्हीच्या पाठीमागच्या दोन स्क्रूंना बांधायची आणि हवेतून चित्र मिळवायचं, हा व्यवहार पन्नास वर्षांनी मिटला. ज्यांच्या घरी तो एके काळी रोज चालायचा, त्यांना तो मिटल्याचा पत्ताही लागला नाही.

आणि तरी पंचेचाळिशीपुढच्या कुठल्याही मराठी माणसाला लहानपणीच्या टीव्हीबद्दल विचारून पाहा. सुरुवात कार्यक्रमांनी होते. ‘गजरा’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, तबस्सुमचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’, ‘आमची माती, आमची माणसं’, सातच्या बातम्या, शनिवारचा मराठी सिनेमा आणि रविवारचा हिंदी. पण ही यादी लवकर संपते. ‘गजरा’त नेमकं काय असायचं, असं खोदून विचारलं की समोरचा अडखळतो. टीव्हीला सरकतं लाकडी शटर होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला होती, हे मात्र तो न अडखळता सांगतो. या लेखासाठी ओळखीपाळखीच्या लोकांशी बोलताना हेच पुन्हा पुन्हा होत गेलं. कार्यक्रम पुसट झालेत, पेटी ठसठशीत आहे. त्यातही पेटी नीट चालत असतानाची आठवण कमी आणि बिघडलेली असतानाची जास्त.

मला त्याचं कारण साधं दिसतं. त्या पेटीला माणसं लागायची. एकट्याने चालवण्याचं ते यंत्रच नव्हतं.

*

दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं. तेव्हा ते आकाशवाणीचंच अंग होतं आणि त्या सुरुवातीच्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडेही होते. त्यानंतर तब्बल तेरा वर्षं दिल्लीबाहेर दुसरं केंद्र निघालं नाही. मुंबईचं केंद्र आलं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. पण टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि मध्ये डोंगर आला की पलीकडे अंधार. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये आख्खा सह्याद्री उभा. म्हणून पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि पुण्यातल्या झाडून साऱ्या अँटेनांनी नैर्ऋत्येला तोंड केलं. त्या काळात परगावच्या पाहुण्याला पुण्यात दिशाभूल झाली तर त्याने गच्चीकडे पाहावं, एवढी ती शिस्त होती. पुणेकरांनी इतक्या एकमताने दुसरी कुठली गोष्ट केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या अँटेनेचा जन्म जपानमधल्या सेंदाई शहरातला, १९२६ सालचा. तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा यांनी तिच्यावर बहुतेक काम केलं. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ यागी यांचं रूढ झालं. पुढे हेच उदा युनेस्कोतर्फे १९५५ ते १९५८ अशी वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत होते. ते परतले त्याच्या पुढच्याच वर्षी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. आपल्या गच्च्यांवर कावळे जिच्यावर बसायचे, ती नळ्यांची रचना शोधणारा माणूस या देशात तीन वर्षं राहून गेला आणि आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्याचं नावही आलं नाही.

रचना अशी. मधली दुमडलेली नळी लहर पकडते. तिच्या मागची जरा लांब नळी मागून येणारं सारं अडवते. पुढच्या आखूड नळ्या समोरून येणारी लहर मधल्या नळीकडे वळवतात. त्यामुळे ही अँटेना एकाच दिशेला चांगलं पाहते. तीच तिची ताकद आणि तीच तिची खोड. जोराचा वारा सुटला, पतंगाचा मांजा अडकला, घारीने बूड टेकलं की दांडा थोडा फिरायचा आणि घरात टीव्हीवर मुंग्या यायच्या. मग साखळी लागायची. एक जण गच्चीवर, एक खिडकीत किंवा जिन्यात, एक टीव्हीपुढे. टीव्हीपुढचा म्हणायचा, ‘थोडं डावीकडे.’ खिडकीतला ते वर ओरडायचा. वरच्याचं डावं आणि खालच्याचं डावं यांत हमखास घोळ व्हायचा. ‘आलं, आलं... गेलं!’ ‘आता हलू नकोस, तिथंच धरून ठेव!’ धरून ठेवल्यावर चित्र स्वच्छ दिसायचं आणि हात सोडताच बिघडायचं, यात वरच्याचा दोष नव्हता. माणसाचं शरीर विजेचं वाहक असतं. नळ्यांजवळ ते उभं राहिलं की अँटेनेचाच भाग होतं. गच्चीवरच्या मुलाला मात्र हे कोण सांगणार? त्याला खालून शिव्याच मिळायच्या. भारताच्या विकेट पडत असताना कितीतरी मुलं उन्हात गच्चीवर दांडा धरून उभी होती. त्यांच्या आठवणीतला १९८३ चा विश्वचषक हा खिडकीतून ऐकलेला विश्वचषक आहे.

पावसाळ्याचं दुखणं निराळं. अँटेनेपासून टीव्हीपर्यंत येणारी ती चपटी, दोन तारांची, तपकिरी किंवा पांढरी वायर कोरडी असताना उत्तम चालायची. ओली झाली की तिच्यातून येणारा संदेश क्षीण व्हायचा. उन्हापावसाने तिच्यावरचं प्लास्टिक तडकलं की पहिल्या सरीबरोबर चित्र धुरकट झालंच. मुंबईत तर लहरी उंच इमारतींवर आपटून परत यायच्या आणि सातच्या बातम्या वाचणाऱ्या प्रदीप भिडेंच्या उजव्या खांद्यामागे दुसरे फिकट प्रदीप भिडे दिसायचे. गावाकडे प्रक्षेपक लांब, म्हणून दांडा उंच. कोकणात तो थेट माडाला बांधलेला. तरीही चित्र अंधूक असेल तर दांड्यावर बूस्टरची डबी. बूस्टर चित्राबरोबर मुंग्याही वाढवायचा, हे पैसे दिल्यावर कळायचं.

*

पेटीच्या आत काय चाललेलं असायचं, हेही थोडं पाहायला हवं. कारण आपल्या बऱ्याच आठवणी तिथून आलेल्या आहेत आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

काचेच्या नळीच्या मानेत एक तापलेली तार, तिच्यातून निघणारा इलेक्ट्रॉनांचा झोत, आणि हा झोत पडद्याच्या आतल्या बाजूच्या लेपावर ओळी आखत जातो. एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. झोत इतक्या वेळा डावीकडून उजवीकडे ओढताना आतला ट्रान्सफॉर्मर त्याच कंपनसंख्येची एक बारीक शीळ घालायचा. ही शीळ लहान मुलांना ऐकू येते. वय वाढतं तसा कानाचा हा वरचा पट्टा आधी जातो. म्हणून आवाज पूर्ण बंद ठेवून आईवडील हळूच टीव्ही पाहत बसले, तरी आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलेल्या पोराला ते कळायचंच. त्याला कसं कळलं हे आईवडिलांना कधी उमगलं नाही, आणि पोराला तो आवाज त्यांना ऐकूच येत नाही हे माहीत नव्हतं. एका घरात राहून दोन पिढ्या निरनिराळा टीव्ही ऐकत होत्या.

जुन्या व्हॉल्व्हच्या संचांना तापायला वेळ लागायचा. आधी आवाज यायचा, चित्र मागून. बंद केल्यावर मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा, कारण झोत इकडेतिकडे ओढणारी व्यवस्था लगेच थांबते, पण तापलेली तार आणि नळीतला दाब यांना निवायला वेळ लागतो. पडद्याला हात जवळ नेला की अंगावरचे केस उभे राहायचे, आणि घरातली सगळी धूळ त्याच काचेवर जमायची. ब्लॅक-अँड-व्हाइट संचाच्या नळीवर दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब असायचा, रंगीतच्या नळीवर पंचवीस हजारांच्या आसपास. त्या दाबाने धूळ ओढली जायची. तो पडदा पुसण्याचं काम बायकांकडे होतं, हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे लागले की विजेचा दाब उतरायचा आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. कडेला काळ्या पट्ट्या. म्हणून स्टॅबिलायझर. तो अधूनमधून टक्‌ करायचा आणि सगळे त्याच्याकडे बघायचे. चित्र वरच्या वर पळायला लागलं तर मागचं एक बटण फिरवायचं. ते फिरवण्याचा हक्क घरात एकालाच असायचा.

आणि चापट. टीव्हीच्या डोक्यावर मारलेली चापट खरोखर लागू पडायची. आतल्या पट्टीवरचे डाग लावलेले जोड उष्णतेने रोज प्रसरण-आकुंचन पावून सैल व्हायचे, चॅनल बदलायच्या गोल बटणामागच्या पितळी पट्ट्यांवर गंज चढायचा. चापटीने त्या हलायच्या आणि पुन्हा टेकायच्या. कुठल्या बाजूला, किती जोराने, हे ज्ञान घरोघरी वेगळं होतं. वडील परगावी गेले असताना टीव्ही बिघडला तर तो तसाच राहायचा. चापट ठाऊक असलेला माणूसच घरात नाही!

*

संच विकत घेणं ही कौटुंबिक मोहीम होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोठा ब्लॅक-अँड-व्हाइट संच काही हजारांच्या घरात होता. मध्यमवर्गीय पगारात तो कित्येक महिन्यांचा हिशेब. पतपेढीचं कर्ज, दुकानदाराचे हप्ते, नाहीतर गावाकडची थोडी विक्री. मुहूर्त साडेतीनांपैकी एक. संच घरी आला की हळदकुंकू, नारळ. पुढे दर दसऱ्याला शिलाई मशीन आणि सायकलबरोबर त्यालाही झेंडूचं फूल. वर टपाल कचेरीत जाऊन दरवर्षी परवान्याचे पन्नास रुपये भरायचे. टीव्ही पाहायला सरकारी परवाना लागायचा, हे आज मुलांना सांगितलं तर थट्टा वाटते. तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाला. परवाना तपासायला माणूस येतो अशी आवई उठली की काही घरांत टीव्हीवर चादर पडायची, पण गच्चीवरची अँटेना कशी झाकणार?

त्या काळचे ब्रँड आठवून पाहा. क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, टेक्सला, बेल्टेक, सोनोडाइन, सॅलोरा, बुश, हैदराबादच्या सरकारी ईसीआयएलचा ईसी, टाटांचा नेल्को, केरळ सरकारचा केल्ट्रॉन, उत्तर प्रदेशचा अपट्रॉन. एका साध्या पेटीचे इतके बाप कसे? सरकारने सत्तरच्या दशकात हा धंदा मोठ्या उद्योगसमूहांपेक्षा लघुउद्योगांकडे आणि राज्यांच्या महामंडळांकडे वळवला होता. देशी तंत्र पिलानीच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं, त्यावरून कानपूरच्या जे.के. कंपनीने संच काढले. पिक्चर ट्यूब बाहेरून घ्यायची, पेटी सुताराकडून, जोडणी आपली. अशा वेळी नाव काय, कुणीही द्यावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग आणून लोकांनी ‘असेंबल्ड’ संच बांधले आणि शेजाऱ्यांना विकले. तांत्रिक शाळेतून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून निघालेल्या एका पिढीचं पोट त्यावर चाललं.

मुंबईला दूरदर्शनवर स्मिता पाटील बातम्या वाचायच्या तेव्हा पडदा काळापांढराच होता. त्यांच्या साडीचा रंग कोणता, यावर घरोघरी पैजा लागायच्या. ज्यांना रंग हवाच होता त्यांच्यासाठी बाजारात एक अजब चीज आली: पडद्यावर लावायचा पारदर्शक प्लास्टिकचा ताव, वर निळा, मध्ये गुलाबीसर, खाली हिरवा. आकाश, माणूस, गवत या हिशेबाने. निसर्गदृश्य असेल तर बरं चालायचं. बातम्या वाचणाऱ्या बाईंचे केस निळे आणि पदर हिरवा व्हायचा.

*

आता बसण्याची व्यवस्था. स्मरणरंजनाचे लेख इथे हमखास गहिवरतात: ‘अख्खी चाळ एका घरात जमायची.’ जमायची हे खरं. पण कशी?

खुर्ची किंवा खाट घरच्या पुरुषांची. त्यांच्यापुढे सतरंजीवर घरची मुलं, मग शेजारची मुलं, मग दारात उभी असलेली आणखी लांबची. काही घरांत सिनेमाला चार आणे, आठ आणे घ्यायचे. काही घरांत पैसे नाहीत पण मध्यंतराच्या बातम्यांच्या वेळी ‘आता जा रे घरी, आम्हाला जेवायचंय’ असं ऐकावं लागायचं आणि उरलेला सिनेमा खिडकीच्या गजांतून बघावा लागायचा. ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाजवळच्या सार्वजनिक संचापुढे गावातली जुनी उतरंडच बसायची. वस्तीवरच्या माणसांनी कुठे उभं राहायचं, हे टीव्हीने ठरवलं नव्हतं, पण बदललंही नाही. बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. हातात लाटणं किंवा निवडायचे तांदूळ, कान बाहेर, डोळे अधूनमधून. ‘काय झालं रे?’ हा प्रश्न आईने किती वेळा विचारला असेल, आणि किती वेळा त्याला कुणी उत्तर दिलं नसेल! पूर्णिमा मांकेकर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या निम्नमध्यमवर्गीय वस्त्यांत राहून बायकांच्या टीव्ही पाहण्याचा अभ्यास केला; त्यांचं १९९९ चं पुस्तक वाचताना दादर-डोंबिवलीच्या बाया नावं बदलून तिथे गेल्यासारखं वाटतं. कामं सांभाळून, तुकड्यातुकड्यांनी पाहिलेल्या मालिकांवर त्या किती नेमकं बोलतात, ते मुळातूनच वाचावं.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा या व्यवस्थेला धर्माचं बळ मिळालं. टीव्हीला हार, पुढे उदबत्ती, चपला दाराबाहेर. आमच्याकडे एक वयस्क नातेवाईक त्या वेळी टीव्हीकडे पाय करून झोपू द्यायच्या नाहीत. एरवी त्याच पेटीला ‘डबडं’ म्हणायच्या. आता विचार केला तर त्या वेळेपुरती घरातली एकच जागा अशी होती की जिथे आजी आणि नातू शेजारी बसून एकाच दिशेला बघत होते, आणि आईला चूल बंद ठेवायची सबब मिळाली होती. मला ‘रामायण’च्या गर्दीबद्दल बरंच काही खटकतं, पण ही सबब खटकत नाही.

*

रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आलं, १५ ऑगस्टला, आणि नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले. इथून पुढे पेटी सुधारत गेली. सुधारणेचा इतिहास यंत्राच्या बाजूने लिहिला जातो. मी तो माणसांच्या बाजूने मांडून पाहतो. प्रत्येक सुधारणेने साखळीतला एकेक माणूस मोकळा केला.

१९८४ साली देशभर लहान प्रक्षेपकांचा सपाटा लागला. त्या वर्षी काही महिने तर जवळजवळ रोज एक सुरू होत होता. प्रक्षेपक जवळ आला, दांडा आखूड झाला, माडावर चढणारा सुटला. संच स्वस्त झाले, हप्ते सोपे झाले आणि शेजारी आपापल्या घरी गेले. नेमकं याच काळात मुंबईच्या ओनिडा कंपनीने आपल्या टीव्हीच्या जाहिरातीत शिंगं आणि शेपटीवाला सैतान आणला. ही जाहिरात ज्यांच्या हातून घडली त्यांत गोपी कुकडे हे मराठी नाव ठळक. शेजाऱ्याच्या हेव्यावर उभी असलेली ही जाहिरात गाजली, पण तिच्यातला एक बदल फारसा कुणी टिपला नाही. त्याच्या दहा वर्षं आधी शेजारी तुमच्या सतरंजीवर बसून टीव्ही पाहायचा. आता त्याने आपल्या घरी राहून जळायचं होतं.

रिमोट आला आणि ‘ऊठ रे, आवाज कमी कर’ म्हणून उठवला जाणारा धाकटा मोकळा झाला. तोवर घरातलं सगळ्यांत लहान मूल हेच रिमोट होतं. १९८५ पासून मुंबईत दुसरं चॅनल दिसू लागलं होतं, तरी निवड एक की दोन एवढीच. १९९१-९२ मध्ये केबल घराघरांत शिरली, झी आलं, आणि गच्चीवर चढणाऱ्याचं काम कायमचं संपलं. निकामी अँटेना बराच काळ तशाच उभ्या होत्या. काहींवर टॉवेल वाळत पडले, काहींवर तोंडल्याचा वेल चढला, बऱ्याचशा भंगारात अ‍ॅल्युमिनियमच्या भावाने गेल्या. मग आतल्या खोलीत दुसरा, चौदा इंची संच आला. त्या दिवशी आजोबांनी बातम्या एकट्याने पाहिल्या.

एवढं मांडल्यावर ‘पूर्वी सगळे एकत्र बसायचे’ हे वाक्य मला जरा वेगळं ऐकू येतं. एक संच, एक चॅनल, एकच बरा चालणारा प्लग. बसणार कुठे दुसरीकडे? ते एकत्र बसणं टंचाईने घडवलेलं होतं, आणि टंचाई सरताच लोकांनी ते आनंदाने सोडलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आणि जे सुटले ते कोण होते? गच्चीवरचं पोर, उठवला जाणारा धाकटा, उंबऱ्यातली आई, दारात उभं राहणारं शेजारचं मूल. खुर्चीवाल्याचं मात्र काहीच सुटलं नाही, त्याचं एकट्याचं गेलं. त्यामुळे या स्मरणरंजनात खुर्चीवाल्यांचा आवाज मोठा असतो असा मला दाट संशय आहे.

संशोधनही फार हळहळ करू देत नाही. कर्क जॉन्सन यांनी पाचगणीच्या परिसरातल्या खेड्यांत राहून टीव्हीने काय बदललं याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २००० सालचं. टीव्हीमुळे रोजच्या वेळा, कोण कुणाशी बोलतं आणि घरात कुणाचा शब्द चालतो, या गोष्टी हलल्याचं त्यात दिसतं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात पाच राज्यांतली माहिती होती, त्यांत गोवाही होता. गावात केबल आल्यावर बायकोला मारणं चालतं असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट उतरला, असा त्यांचा निष्कर्ष. ज्या केबलने घर मोडलं म्हणून आपण उसासे टाकतो, तिच्याबद्दलचा हा निष्कर्ष आहे. सासवासुनांच्या मालिकांविषयी माझं मत त्याने सुधारलेलं नाही, पण उसासा जरा आवरता घ्यायला हवा, हे पटलं.

*

राहिला मेकॅनिक. हाही सुटला, पण त्याचं सुटणं सुखाचं नव्हतं.

एका हातात सुटकेस, तिच्यात सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, गुंडाळी केलेली डागाची तार आणि आधीच्या गिऱ्हाइकाच्या संचातून काढलेले दोन-चार भाग. तो आला की चहा, आणि सगळं घर त्याच्याभोवती. मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हरने पिक्चर ट्यूबमधला साठलेला विद्युतभार उतरवणं. प्लग काढून ठेवला तरी ती काच झटका देण्याइतका भार धरून राहते. फट्‌ आवाज यायचा, मुलं दचकायची, तो हसायचा. ‘ईएचटी गेलाय’ किंवा ‘ट्यूब उतरलीय’ असं सांगितल्यावर वडिलांचा चेहरा बदलायचा. पहिल्यात, म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर, थोडक्यात सुटका; दुसऱ्यात, म्हणजे पिक्चर ट्यूबच गेली असेल तर, बोनस गेला. त्या धंद्यातले बरेच जण पुढे केबलच्या वायरी ओढू लागले, काही मोबाइल दुरुस्तीला वळले. सपाट पडद्याच्या संचात दुरुस्त करण्यासारखं फारसं नसतं. पट्टी बदलतात, नाहीतर संच बदलतात.

महाराष्ट्राचा या पेटीशी संबंध नुसता बघण्याचा नव्हता. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचे संच बनत. तळोज्याला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना पिक्चर ट्यूबच्या काचा घडवण्यासाठी उभा राहिला होता. जुन्या ट्यूबांची काच वितळवून पुन्हा ट्यूबच करणाऱ्या जगातल्या अगदी शेवटच्या भट्ट्यांपैकी एक भरूचकडे व्हिडिओकॉनची होती, आणि तिच्यासाठी अमेरिकेतूनही भंगार काच येत असे. नव्या ट्यूबा बनणं थांबलं तशी ती वाटही बंद झाली. आता ही काच कुणाला नको आहे. रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसं असतं, पाचवा हिस्सा भरावा एवढं. बघणाऱ्यावर क्ष-किरण येऊ नयेत म्हणून घातलेलं. पडद्यामागचा लेपही नाकातोंडात जाण्याजोगा नाही.

म्हणून माळ्यावर, गॅलरीत किंवा गावच्या घरी जुना टीव्ही अजून पडला असेल, तर तो हातगाडीवाल्याला देण्यापूर्वी थोडं थांबा. तो काय करतो हे मी पाहिलं आहे: तांब्याच्या वेटोळ्यासाठी ट्यूबची मान हातोडीने उडवतो, वेटोळं काढतो आणि काच नाल्याकाठी टाकतो. त्या तांब्याचे त्याला थोडके पैसे मिळतात आणि शिसं तिथेच राहतं. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू आहेत, बहुतेक मोठ्या शहरांत नोंदणीकृत संकलन केंद्रं आहेत, आणि फोन केला तर काही जण घरी येऊन नेतात. मागचं झाकण स्वतः उघडू नका. बरीच वर्षं बंद असलेल्या संचातला भार बहुधा उतरलेला असतो, पण त्या ‘बहुधा’वर बोट ठेवू नये. वरचं क्रोशाचं कव्हर तेवढं काढून घ्या. त्याचे पैसे कुणी देत नाही.